लॅपटॉपच्या माइकचा आवाज कमी जातोय? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

मीटिंग सुरू होते, तुमची पाळी येते, तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि पलीकडून उत्तर येतं, "सर, आवाज एकदम हळू येऊन राहिला." मग सगळे करतात तेच आपणही करतो. स्क्रीनला नाक लावून ओरडतो. आतल्या खोलीतून आई विचारते, काय झालं? आणि मीटिंगमधला माणूस म्हणतो, "आता येऊन राहिला, पण फाटून राहिला."

लॅपटॉपशी नुकतीच ओळख झालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. पहिल्यांदा ऑनलाइन मुलाखत देणारी मुलं, घरून शिकवणी घेणारे शिक्षक, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला लागून आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे, अशा सगळ्यांसाठी. पायऱ्या विंडोज ११ धरून दिल्या आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये रामराम ठोकला असला तरी आपल्याकडच्या कितीतरी मशीनवर ते अजून चालू आहे, म्हणून जिथे फरक आहे तिथे तोही सांगितला आहे.

आधी एक गोष्ट ठरवून टाकू. आवाजाची पट्टी शंभरवर नेऊन ठेवणं हा पहिला उपाय नाही. नळाची धार बारीक झाली की आपण आधी शेजारी विचारतो, मग टाकीचा कॉक बघतो, मोटर शेवटी उघडतो. इथेही तोच क्रम ठेवायचा. तुमचा आवाज माइकच्या भोकातून आत जातो, मग विंडोजकडे, तिथून झूम किंवा मीटसारख्या ॲपकडे आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या कानात. यातल्या कुठल्या टप्प्यावर तो कमी होतोय हे कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा पाच मिनिटांची असते. ते न कळता इकडची तिकडची दहा बटणं दाबली, की काय बदललं होतं तेही आठवत नाही आणि गुंता वाढतो.

पहिली पायरी: तक्रार एकाची की सगळ्यांची?

कॉलवर दुसरं कोणी असेल तर त्याला विचारा, "तुला कसा येऊन राहिला?" त्याला नीट ऐकू येत असेल तर तुमच्या लॅपटॉपला हात लावू नका. पहिल्या माणसाच्या स्पीकरचा आवाज कमी असेल, नाहीतर त्याचा ब्लूटूथ कानातून घसरला असेल. हा प्रश्न न विचारता लोक आपलं चांगलं चालणारं मशीन उचकटत बसतात.

दुसरी पायरी: स्वतःचा आवाज स्वतः ऐका

सगळ्या लेखातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. स्टार्टमध्ये ‘साउंड रेकॉर्डर’ शोधा. विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘व्हॉइस रेकॉर्डर’ आहे. ते उघडा, नेहमी बसता तसेच बसा, नेहमीच्या आवाजात अर्धा मिनिट बोला. बातमी वाचा, पाढे म्हणा, काहीही चालेल. मग इअरफोन लावून ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, कारण तो स्पीकरच बारीक असेल तर दोष माइकवर जाईल.

ऐकून झालं की दोनच शक्यता उरतात. रेकॉर्डिंग खणखणीत असेल तर माइक आणि विंडोज दोन्ही ठीक आहेत. गडबड झूम, मीट किंवा टीम्समध्ये आहे. अशा वेळी मधलं सगळं सोडून थेट ‘ॲपची लुडबुड’ या भागावर जा. रेकॉर्डिंगच हळू असेल तर ॲपकडे नंतर बघू, क्रमाने पुढे वाचा.

रेकॉर्डिंग ऐकताना आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. आवाज नुसता हळू आहे, की हळू असून शब्द मधूनच खाल्ले जातायत? नुसता हळू असेल तर लेव्हल, भोक किंवा वायर बघायची. शब्दांची टोकं कापली जात असतील, वाक्याचा शेवट गिळला जात असेल, तर कोणतं तरी सॉफ्टवेअर तुमच्या आवाजालाच गोंगाट समजून छाटतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तिसरी पायरी: माइक कुठला चालू आहे?

खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं, त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘साउंड सेटिंग्ज’ निवडा. पानावर थोडं खाली ‘इनपुट’ हा भाग दिसेल. तिथे लॅपटॉपला माहीत असलेल्या सगळ्या माइकची यादी असते: आतला माइक (बहुतेक ‘मायक्रोफोन ॲरे’ या नावाने), वायरचा हेडसेट, ब्लूटूथ, वेबकॅम लावला असेल तर त्याचा.

गंमत इथेच होते. तुम्ही हेडसेट लावून बोलताय आणि लॅपटॉप मात्र आतल्या माइकने ऐकतोय, तोही दोन फुटांवरून. आवाज हळूच जाणार. कोणता माइक चालू आहे हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बोलू नका, माइकवर नखाने हलकेच टकटक करा. हेडसेटच्या माइकवर टकटक केली आणि इनपुटची निळी पट्टी उसळली, तर हेडसेट चालू. नाही उसळली, तर लॅपटॉपच्या स्क्रीनच्या वरच्या कडेवर टकटक करून बघा.

परवानगीचं काय? ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी द्या, असा सल्ला जो तो देतो. परवानगी बंद असेल तर आवाज मुळीच जात नाही. कमी जाण्याशी तिचा संबंध नाही. तसंच कीबोर्डवरच्या माइक बंद करायच्या बटणाचं, जे बऱ्याच लेनोवो मशीनवर एफ४ वर असतं. तुमचा आवाज हळू का होईना पण जातोय, तेव्हा या दोन्हींवर वेळ घालवू नका.

चौथी पायरी: भोक बघा, तेही टॉर्च घेऊन

आतल्या माइकचं भोक जेमतेम टाचणीच्या टोकाएवढं असतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत असतं. काहींमध्ये ते पट्टीच्या वरच्या कडेला, काहींमध्ये कीबोर्डच्या आसपास किंवा बिजागरीजवळ असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं की सापडतं.

आता त्या भोकावर काय काय बसतं ते बघा. कॅमेरा झाकायला लावलेलं सरकतं झाकण हा पहिला संशयित. ते कॅमेऱ्याहून लांब असतं आणि शेजारचं भोक सहज झाकतं. दुसरा, दुकानदाराने हौसेने लावून दिलेला स्क्रीन गार्ड किंवा रंगीत स्किन. तिसरा, कीबोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हर, जर तुमच्या मशीनचा माइक खाली असेल तर. आणि चौथी आपली धूळ. उन्हाळ्यात दुपारी वावटळ सुटली आणि खिडकी उघडी राहिली तर टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ त्या भोकातही जाते.

साफ करायला कोरडा, मऊ, नवा टूथब्रश किंवा रंगकामाचा बारीक ब्रश पुरे. लॅपटॉप बंद करा, स्क्रीन अशी तिरकी धरा की भोकाचं तोंड खाली येईल, आणि हलक्या हाताने झाडा. सुई, टाचणी, काडेपेटीची काडी आत घालू नका. भोकाच्या लगेच मागे माइकचा नाजूक पडदा असतो, त्याला टोक लागलं की कमी आवाजाचा प्रश्न कायमचा मिटतो, कारण मग आवाजच उरत नाही. तोंडाने फुंकही मारू नका, आत थुंकीचे कण जातात.

झाडून झालं की पुन्हा साउंड रेकॉर्डरवर अर्धा मिनिट बोला आणि आधीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. पुढेही हाच नियम ठेवा: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर रेकॉर्डिंग.

पाचवी पायरी: आता लेव्हल

‘साउंड सेटिंग्ज’मध्ये इनपुटखाली तुमच्या माइकच्या नावावर क्लिक करा. ‘इनपुट व्हॉल्यूम’ची पट्टी दिसेल. ती ३०-४० वर पडलेली असेल तर ८०-९० वर आणा. त्याच पानावर ‘स्टार्ट टेस्ट’ असं बटण असतं. ते दाबून बोला आणि थांबवा, विंडोज तुमच्या आवाजाची पातळी टक्क्यांत सांगतं.

एवढ्यावर भागलं नाही तर जुन्या पॅनेलमध्ये जावं लागतं. ‘साउंड सेटिंग्ज’च्या पानाच्या अगदी तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. विंडोज १० मध्ये हेच ‘साउंड कंट्रोल पॅनेल’ या नावाने सापडतं. उघडलेल्या छोट्या खिडकीत ‘रेकॉर्डिंग’ हा टॅब निवडा, तुमच्या माइकवर दोनदा क्लिक करा, मग ‘लेव्हल्स’वर जा. तिथे वरची पट्टी नेहमीची, शून्य ते शंभर. खाली बऱ्याच लॅपटॉपवर दुसरी पट्टी असते, ‘मायक्रोफोन बूस्ट’. ती शून्य, १०, २०, ३० डेसिबल अशा टप्प्यांत सरकते.

बूस्ट म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर तो त्रास देईल. २० डेसिबल म्हणजे माइककडून आलेला सिग्नल दहापट, ३० म्हणजे सुमारे ३२ पट. पण दहापट फक्त तुमचा आवाज होत नाही. पंख्याची घरघर, बाहेरच्या ऑटोचा हॉर्न, मशीनच्या आतली सळसळ, सगळंच दहापट होतं. म्हणून आधी १० वर ठेवा, रेकॉर्ड करा, ऐका. पुरेसं नसेल तर २०. ३० वर गेलात की जोरात बोलताना आवाज फाटायची शक्यता फार. फाटलेल्या आवाजापेक्षा थोडा हळू पण स्वच्छ आवाज केव्हाही बरा. हळू आवाज ऐकणारा आपल्याकडे वाढवू शकतो, फाटलेला कोणी शिवू शकत नाही.

बूस्टची पट्टी दिसतच नाही? घाबरू नका. नव्या लॅपटॉपमध्ये आतला माइक डिजिटल असतो आणि तो वेगळ्या चिपमार्फत चालतो. विंडोजच्या पॅनेलवर त्याला बूस्टची पट्टी बहुतेक मिळत नाही. अशा मशीनवर ती पट्टी ‘आणण्यासाठी’ इंटरनेटवरून भलतासलता ड्रायव्हर (माइक-स्पीकरसारखे भाग विंडोजशी जोडून देणारं सॉफ्टवेअर) उतरवून घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

‘रेकॉर्डिंग’ टॅब असलेल्या त्या छोट्या खिडकीतच ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे, त्यात आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय वाचून अनेकांना वाटतं, सापडला चोर! तो चोर नाही. कॉल चालू असताना गाणी-व्हिडिओ वगैरे बाकीचे आवाज तुम्हाला किती ऐकू यावेत, त्याचं ते सेटिंग आहे. तुमच्या माइकशी त्याचं देणंघेणं नाही.

सहावी पायरी: सुधारणा करणाऱ्यांना थोडं आवरा

माइकच्या प्रॉपर्टीजच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असं सापडेल. ते बंद करून एक रेकॉर्डिंग करा. याशिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतःचंही एक ॲप घालून देते: लेनोवोचं व्हँटेज, असूसचं मायअसूस, डेलच्या अनेक मशीनवर मॅक्सऑडिओ, शिवाय रिअलटेकचा ऑडिओ कन्सोल. यांपैकी जे असेल ते उघडून माइकचा भाग बघा. गोंगाट दाबणे, फक्त समोरच्याचाच आवाज घेणे, अशा अर्थाचे पर्याय तिथे असतात.

‘फक्त समोरच्याचा आवाज’ हा पर्याय शिक्षकांना हमखास नडतो. दोन माइकची जोडी समोरून, मधोमध येणारा आवाज घेते आणि बाजूचा दाबते. तुम्ही भिंतीवरच्या फळ्याकडे वळलात, खुर्ची जरा डावीकडे सरकवलीत की तुम्हीही ‘बाजूचा आवाज’ होता. दोघं-तिघं मिळून एकाच लॅपटॉपवर बोलणार असाल तर हा पर्याय बंदच ठेवा.

ॲपची लुडबुड

साउंड रेकॉर्डरवर आवाज खणखणीत आणि कॉलवर मात्र हळू, असं असेल तर दोष इथे आहे. आणखी एक खूण: तुम्ही विंडोजमध्ये पट्टी ९० वर ठेवता, कॉल संपल्यावर बघता तर ती आपोआप ४० वर. भूतबाधा नाही, कॉलचं ॲप स्वतःच्या हिशोबाने माइकची लेव्हल खालीवर करतं.

झूममध्ये सेटिंग्ज, ऑडिओ इथे जा. माइकच्या पट्टीखाली ‘ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’ असा चौकोन आहे, त्यावरची खूण काढा आणि पट्टी हाताने लावा. तिथेच ‘टेस्ट माइक’ आहे, ते तुमचा आवाज रेकॉर्ड करून लगेच ऐकवतं. खाली गोंगाट दाबण्याचा पर्याय आहे. तो वरच्या टोकाला असेल तर कमी करा.

टीम्समध्ये सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइसेस’मध्ये माइक कोणता निवडलाय ते बघा, माइकची संवेदनशीलता आपोआप ठरवायचा पर्याय असेल तर बंद करा, आणि गोंगाट दाबण्याचा पर्याय हलका ठेवून बघा. चाचणीचा कॉल करायची सोयही टीम्समध्ये आहे.

मीट ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून तिथे दोन ठिकाणी बघावं लागतं. एक मीटच्या सेटिंग्जमधला ऑडिओ, आणि दुसरं ब्राउझरचं स्वतःचं. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून माइकचं सेटिंग उघडा. विंडोजमध्ये हेडसेट निवडलाय आणि क्रोम अजून आतल्याच माइकला धरून बसलंय, हे नेहमीचं.

लेव्हल तरीही आपोआप खाली येत राहिली, तर जुन्या पॅनेलमध्ये माइकच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जा. ॲप्सना माइकचा एकट्याने ताबा घेऊ देण्याची एक खूण तिथे असते, ती काढून बघा. प्रत्येक वेळी याने काम होतं असं नाही, पण नुकसान काही नाही.

कुलर, आणि नागपूरचा उन्हाळा

आता खास आपल्याकडची अडचण. पारा ४५ च्या पुढे गेला, नवतपा लागला की कुलर बंद ठेवून मीटिंगला बसा असं कोण कोणाला सांगणार? पण कुलरचा आवाज आणि माइक यांचं वैर कसं चालतं हे कळलं तर बरंच काही वाचतं.

कुलरची घरघर एकसारखी, अखंड असते. ॲपमधली आपोआप लेव्हल ठरवणारी यंत्रणा ती ऐकते, खोलीत आवाज भरपूर आहे असं समजते आणि माइक वाढवायचं नाव घेत नाही. त्याच वेळी गोंगाट दाबणारी यंत्रणा ती घरघर काढायला लागते आणि तिच्यासोबत तुमच्या आवाजाचाही काही भाग घेऊन जाते. पलीकडच्याला कुलर ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो फक्त तुमचा दबलेला, अर्धवट आवाज. तो म्हणतो आवाज कमी आहे. तुम्ही लेव्हल वाढवता. लेव्हलबरोबर कुलरही वाढतो. यंत्रणा आणखी छाटते. चक्र सुरू.

हे चक्र तोडायचा मार्ग एकच, माइक तोंडाजवळ आणा. अंतराचा हिशोब साधा आहे. मोकळ्या जागेत अंतर अर्धं केलं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. स्क्रीनवरचा माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि इअरफोनच्या वायरवरचा १५ वर, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डेसिबलचा फायदा, सिग्नल चौपट. आणि बूस्टसारखी यात कुलरची भर पडत नाही. तुमचा आवाज तेवढा वाढला, कुलर होता तिथेच राहिला. काही शे रुपयांचा वायरवाला इअरफोन हजारोंच्या लॅपटॉपच्या माइकला मात देतो तो याच कारणाने.

जागाही बदलून बघा. कुलर तुमच्या पाठीमागे असेल तर त्याचा झोत तुमच्या खांद्यावरून थेट स्क्रीनवरच्या भोकावर आदळतो आणि नुसती फरफर जाते. कुलर बाजूला राहील असं बसा, झोत लॅपटॉपवर येऊ देऊ नका. मुलाखतीच्या अर्ध्या तासापुरता पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवला आणि आधी खोली गार करून घेतली तर निभावतं. टेबलावर लॅपटॉपजवळ छोटा पंखा ठेवला असेल तर तो आधी हलवा. मोठ्या कुलरपेक्षा तो जवळचा छोटा जास्त छळतो.

इअरफोनची पिन आणि ब्लूटूथ

वायरवाला इअरफोन घ्यायचं ठरलं तर घेण्याआधी त्याची पिन डोळ्यांजवळ धरून बघा. पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे फक्त ऐकायचा हेडफोन, माइक नाही. तीन रेघा म्हणजे माइकही आहे. दोन रेघांचा लावून बोललात तर लॅपटॉप लांबून, आतल्याच माइकने ऐकत राहतो, आणि तुम्ही समजता इअरफोनचा माइक बाद आहे.

जुन्या कॉम्प्युटरच्या हेडसेटला दोन पिना असतात, एक हिरवी आणि एक गुलाबी. नव्या लॅपटॉपला भोक एकच. दोन पिना एकात करणारा छोटा जोड मिळतो, तो लावावा लागतो. पिन पूर्ण आत गेली का तेही बघा. मोबाइलचं किंवा लॅपटॉपचं जाड कव्हर मध्ये आलं की पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते आणि आवाज क्षीण होतो. पिन लावल्यावर काही मशीनवर ‘काय लावलंत?’ असं विचारणारी खिडकी येते. घाईत ‘हेडफोन’ निवडू नका, ‘हेडसेट’ निवडा.

चार्जर लावल्यावरच माइकमध्ये भणभण येत असेल तर चार्जर काढून, बॅटरीवर एक रेकॉर्डिंग करा. भणभण गेली तर दोष घराच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसलेले सॉकेट अजून सापडतात. त्या भणभणीलाही ॲप गोंगाट समजून दाबतं आणि जाता जाता तुमचा आवाज कमी करतं. कॉलच्या आधी बॅटरी भरून ठेवा, कॉल बॅटरीवर करा. इलेक्ट्रिशियनला सवडीने बोलवा, पण बोलवा.

ब्लूटूथचं थोडक्यात. ब्लूटूथ इअरबडचा माइक चालू झाला की साधारणपणे तो वेगळ्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर जातो. म्हणूनच कॉल सुरू झाला की गाणं अचानक जुन्या टेलिफोनसारखं वाटायला लागतं. शिवाय बडचा माइक कानाजवळ असतो, तोंडाजवळ नाही. खोली शांत असेल तर ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला लॅपटॉपचा माइक, असं इनपुट वेगळं निवडून बघा. बऱ्याचदा दोन्ही बाजू सुधारतात.

ड्रायव्हर

कालपर्यंत ठीक होतं आणि विंडोज अपडेट झाल्यापासून आवाज पडला, असं असेल तरच इथे या. स्टार्टवर उजवं बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’मध्ये रिअलटेक किंवा इंटेलच्या नावाची ओळ असेल. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ उजळलेलं असेल तर दाबा, मशीन पुन्हा सुरू करा. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून मशीन पुन्हा सुरू करा, विंडोज ड्रायव्हर परत बसवतं. तरीही नाही झालं तर लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर बघून कंपनीच्याच साइटवरून त्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

मॅक असेल तर सिस्टीम सेटिंग्ज, साउंड, इनपुट; तिथे एकच पट्टी. कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माइकचा मोड दिसतो, तो ‘व्हॉइस आयसोलेशन’वरून ‘स्टँडर्ड’वर आणून फरक बघा. उबुंटूवाल्यांनी सेटिंग्जमधल्या साउंडच्या इनपुटची पट्टी बघावी आणि टर्मिनलची सवय असेल तर अल्सामिक्सर उघडून एफ४ दाबून कॅप्चरच्या पट्ट्या तपासाव्यात. तिथे बूस्ट वेगळा दिसतो.

मुलाखत दहा मिनिटांवर आली आणि काहीच जमलं नाही तर

त्याच मीटिंगला मोबाइलवरूनही जॉइन व्हा. बोलायचं आणि ऐकायचं मोबाइलवर, चेहरा आणि स्क्रीन लॅपटॉपवर. लॅपटॉपचा माइक बंद करा आणि त्याच्या स्पीकरचा आवाजही शून्य करा. स्पीकर चालू राहिला तर दोन मशीन एकमेकांना ऐकून अशी शिट्टी मारतात की सगळे कान धरतात. समोरच्याला सुरुवातीलाच सांगा की दोन ठिकाणांहून जॉइन झालो आहोत, म्हणजे एकच नाव दोनदा बघून तो गोंधळणार नाही.

दुकानात न्यायची वेळ आली तर

आधी कोणाकडून तरी यूएसबी हेडसेट मागून आणा. त्याच्यात आवाज पकडायची स्वतःची चिप असते, लॅपटॉपचं ऑडिओचं भोक आणि आतला माइक दोन्ही त्यात येत नाहीत. त्यावर आवाज खणखणीत आला तर विंडोज ठीक आहे आणि बिघाड आतल्या माइकचा किंवा त्याच्या वायरचा. आता ठरवा, दुरुस्ती करायची की यूएसबी हेडसेटवरच भागवायचं. फक्त कॉलसाठी लॅपटॉप लागत असेल तर दुसरा मार्ग शहाणपणाचा आणि स्वस्तही.

दुरुस्तीच करायची तर वॉरंटी तपासा. वॉरंटी चालू असताना बर्डीतल्या दुकानात मशीन उघडून घेऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटी संपली असेल तर दुकानदाराला मोघम "आवाज नाही येत" सांगू नका. "यूएसबी हेडसेटवर नीट येतो, आतल्या माइकवर हळू येतो, ड्रायव्हर बदलून पाहिला" एवढं सांगा. यावरून त्याला कळतं की विंडोज फॉरमॅट मारून उपयोग नाही, आणि तुमच्या फाइलीही वाचतात.

स्क्रीनवरचा माइक बऱ्याच मशीनमध्ये कॅमेऱ्याच्याच पट्टीवर असतो आणि त्याची बारीक वायर बिजागरीतून खाली येते. बिजागरी तुटकी असेल, किंवा मध्ये स्क्रीन बदलून घेतली असेल, तर ती वायर दबली आहे का, नीट बसली आहे का हे आधी बघायला सांगा. नवा भाग टाकायची गरजच पडणार नाही कदाचित. उघडून बघायचे पैसे वेगळे आहेत का ते आधीच विचारा. आणि मशीन परत घेताना काउंटरवरच साउंड रेकॉर्डर उघडा, अर्धा मिनिट बोला, खिशातला इअरफोन लावून ऐका, मगच पैसे द्या. दुकानात गर्दी-गोंगाट असेलच, पण तुमचा आवाज त्या गोंगाटाच्या वर स्पष्ट ऐकू येतो का, एवढंच बघायचं आहे.